वरच्या दराची सूट

संस्थान भारतात विलीन झालं आणि बळवंतराव वैद्यांची दरबारची नोकरी सुटली. त्यांनी लष्कर शहरात, दाना ओली नावाच्या पेठेत स्वतःचा दवाखाना थाटला. आता पेन्शन कोण देणार? म्हणून राजलक्ष्मीबाईंनी त्यांना विम्याची पॉलिसी घ्यायला लावली. दर वर्षी हप्ता भरायचा, साठीनंतर महिन्याच्या महिन्याला पैसे घ्यायचे.

पुढे शहरभर खोकला पसरला, वैद्यांचा काढा चालला, आणि कमाईबरोबर नवा आयकरही वरच्या दराला जाऊन बसला. वकील म्हणाले, "भरलेल्या हप्त्यावर करात सूट आहे. तुमचा दर वरचा, तेव्हा सूटही घसघशीत. पण ती आपणहून कुणी देत नाही, आयकर कचेरीत साहेबांपुढे जाऊन मागावी लागते." सूट मिळाली तर त्याच पैशांत यंदाचा हप्ता भरला जाणार होता. नाही मिळाली तर पॉलिसी बंद. मागायचा आज शेवटचा दिवस होता.

साहेब होते कानपूरचे, तरणे. बळवंतराव पगडी घालून आत गेले, तीनदा वाकले आणि रेशमी रुमालावर चांदीचा रुपया ठेवून दोन्ही हातांनी पुढे केला.

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. "वैद्यजी, ये क्या? रिश्वत?"

"नजर आहे, सरकार. मानाचा नजराणा."

"और वो भी एक रुपया!" साहेबांना कशाचा राग जास्त आला, ते कळेना.

म्हातारे कारकून श्रीपादराव धावले. "साहब, ये दरबार का कायदा है. आप बस छू दीजिए, रुपया वापस इन्हीं का."

"छू दिया तो मेरी नौकरी गई!"

"वैद्यबुवा, उचला तो," श्रीपादराव कुजबुजले. "फक्त एवढं म्हणा, सूट द्या. गेल्या हप्त्याची पावती आहे ना?"

"पावती आहे. पण नजर कबूल झाल्याशिवाय मागू कसा? माझ्या आज्यानं मागितलं नाही, बापानं मागितलं नाही. मी भिकारी आहे?"

घड्याळ पाचाकडे सरकत होतं. वैद्य रुमाल मागे घेईनात, रुपया रुमालावर चमकत होता, पाण्यावरच्या चांदण्यासारखा.

बाहेर बाकावर बसलेल्या राजलक्ष्मीबाई पदर सावरत आत आल्या.

"अहो, किती वेळ? काय चाललंय?"

श्रीपादरावांनी सांगितलं. बाई साहेबांकडे वळल्या. "साहब, अब राज किसका है?"

"जनता का, माताजी."

"मतदानाला मीही गेले होते ना?" बाईंनी नवऱ्याला विचारलं. "बोटाला शाई लावून आले होते की नाही? मग सरकारात माझा थोडा तरी वाटा असेल." आणि त्यांनी दोन बोटं रुपयाला लावली. "नजर कबूल. बोला आता, काय मागायचंय?"

बळवंतराव बायकोकडे वळले. तीस वर्षांच्या संसारात या बाईकडे त्यांनी पाणी मागितलं होतं, चष्मा मागितला होता. असं वाकून कधी काही मागितलं नव्हतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग ते हळूच कमरेत वाकले.

"सरकार," ते बायकोला म्हणाले, "पॉलिसीच्या हप्त्यावर, वरच्या दरानं, सूट मिळावी. म्हातारपणी आपल्याला दोघांना लागेल."

"लिख लूँ?" साहेबांनी घाईनं विचारलं.

"लिखिए," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या आणि पावती साहेबांपुढे सरकवली.