पांढरे चौकोन

इस्पितळात त्याला सगळे 'कॉम्प्युटरवाले' म्हणायचे. चार मजल्यांच्या त्या इमारतीत संगणकातलं कळणारा तो एकटाच, त्यामुळे प्रिंटर अडकला तरी त्याला हाक आणि पडदा काळा झाला तरी त्याला हाक. त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. उलटतपासणी करणार कोण?

तळमजल्यावर ड्रेसिंगची खोली होती. भाजलेले, साखरेच्या आजारानं पायाला जखम झालेले, अंथरुणाला खिळून पाठीला व्रण पडलेले रोगी तिथं दर आठवड्याला पट्टी बदलायला यायचे. पट्टी सोडली की थोरल्या सिस्टर जखमेचा फोटो काढून वेबसाइटवर चढवायच्या. साइट त्यानंच पायथॉन या संगणकी भाषेत बनवलेली. ती फोटो सरळ करायची, कडेचा नको तो भाग कापायची आणि मागच्या आठवड्याच्या फोटोशेजारी लावायची. जखम भरतेय की चिघळतेय, ते डॉक्टरांना एका नजरेत कळायचं. दोन वर्षं सगळं छान चाललं होतं. मग जुना सर्व्हर थकला म्हणून त्यानं साइट नव्या सर्व्हरवर हलवली, आणि त्याच आठवड्यात फोटोंच्या जागी पांढरे चौकोन यायला लागले.

सिस्टर तीन जिने चढून त्याच्याकडे आल्या. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघ्यांची तक्रार. दारातच दम खात म्हणाल्या, "अहो, फोटो चढवला की नुसता पांढराच दिसतोय."

"नेट स्लो असेल. जरा थांबून बटण दाबा."

"थांबले की. दोनदा दाबलं."

"दोनदा दाबायचं नसतं ना, सिस्टर! म्हणून तर होतं असं."

त्यानं त्यांच्या कॅमेऱ्यातला तोच फोटो स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवलेल्या साइटच्या प्रतीवर चढवून बघितला. झकास आला. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून तो म्हणाला, "हे बघा. माझ्याकडे चालतंय." सिस्टरांनी चष्मा वर करून बघितलं आणि त्या जिना उतरून गेल्या. पुढच्या पंधरा दिवसांत आणखी दोनदा आल्या. दोन्ही वेळा त्यानं खुर्चीतून न उठता त्यांची बोळवण केली.

शेवटी गुरुवारच्या बैठकीत डॉक्टरांनी तक्रार केली. फोटोंपायी रोग्यांना पुन्हा बोलवावं लागतंय, लोक वैतागलेत. अधीक्षकांनी त्याच्याकडे बघितलं.

"साइटमध्ये दोष नाही, सर," तो म्हणाला. "सिस्टरांना सराव नाही. वयाचंही असतं थोडं."

दोन-चार जण हसले. सिस्टर समोरच बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. सोमवारपासून त्यांची बदली चादरींच्या कोठीत झाली आणि ड्रेसिंगच्या खोलीत एक तरुण नर्स आली, जिची बोटं फोनवर पाण्यासारखी चालत.

मंगळवारी तिचा फोन आला. "सर, माझंही पांढरंच येतंय."

त्यानं सर्व्हर उघडला, चुकांची नोंद चाळली. एकही चूक नोंदलेली नव्हती. मग फोटोवर काम करणारं तयार कोडाचं पॅकेज त्यानं सर्व्हरवर हातानं सुरू करून बघितलं. ते सुरूच होईना. 'लिबजीएल' नावाची फाइल सापडत नाही, असं एका ओळीत सांगून बंद पडलं.

कारण अगदी साधं होतं. पायथॉनचं ते पॅकेज चित्रांच्या कामासाठी मशीनमधल्या एका लायब्ररीवर, म्हणजे 'लिबजीएल'सारख्या तयार फाइलवर, टेकून उभं असतं. पडदा असलेल्या लॅपटॉपवर ती आपसूक असते. नव्या सर्व्हरला पडदाच नाही, तिथं ती कुणी टाकलीच नव्हती. टाकणार कोण? तोच.

पण मग इतके दिवस ही ओळ दिसली कशी नाही? त्यानं आपला जुना कोड उघडला. साइट पहिल्यांदा दाखवायच्या दिवशी, घाईघाईत, त्यानं लिहून ठेवलं होतं: पॅकेज सुरू झालं नाही तर गप्प बसायचं आणि फोटोच्या जागी पांढरा चौकोन ठेवायचा. म्हणजे पान मोडलेलं दिसणार नाही, चारचौघांत शोभा होणार नाही. शेजारी त्याचीच टीप होती, 'नंतर नीट करतो.'

त्यानं हवी ती लायब्ररी बसवली. पॅकेजनं लगेच दुसरी मागितली. अशी एकेकीची मनधरणी करण्यापेक्षा त्यानं ते पॅकेज काढलं आणि त्याचीच बिनपडद्याच्या सर्व्हरसाठी असलेली आवृत्ती घातली. फोटो यायला लागले. एकूण काम चाळीस मिनिटांचं. मात्र मधल्या तीन-चार आठवड्यांचे मूळ फोटो गेले होते ते गेलेच. साइट त्यांच्या जागी पांढरे चौकोन जतन करत बसली होती.

कॅमेऱ्यात काही उरलंय का बघायला तो खाली गेला. कॅमेरा रिकामाच होता. तरुण नर्सनं कपाट उघडून प्लास्टिकच्या पारदर्शक कागदांचा गठ्ठा काढला. एकेका कागदावर एकेका जखमेची कड पेनानं गिरवलेली. लांबी, रुंदी, तारीख, सगळं बारीक, नेटक्या अक्षरात.

"थोरल्या सिस्टरांचं आहे," ती म्हणाली. "फोटो येत नव्हते ना, म्हणून त्या जखमेवर कागद धरून काढायच्या. बरेचदा डॉक्टर यावरूनच भागवत होते."

त्यानं एकेक कागद उजेडात धरून तारखा वाचल्या.

गुरुवारी सांगायचं, असं त्यानं ठरवलं. पण बैठक सुरू होताच अधीक्षक खुशीत म्हणाले, "सिस्टरांना हलवलं आणि आठवड्यात सगळं सुरळीत! कॉम्प्युटरवाल्यांनी बरोबर ओळखलं होतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानं तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं ते, "थँक यू, सर."

घरी बायकोनं विचारलं, "आज तोंड का पाडून बसलाय?" तर तिच्यावरच खेकसला.

शुक्रवारी सकाळी तो चादरींच्या कोठीत गेला. सिस्टर घड्या घालत होत्या. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, लायब्ररीचं, पांढऱ्या चौकोनाचं, थँक यूचंसुद्धा. त्यांचा हात थांबला नाही.

"मला माहीत होतं, मी बरोबर दाबतेय ते," त्या म्हणाल्या. "मला सांगून काय उपयोग? वर सांगा."

"आत्ता जातो, साहेबांच्या खोलीत."

"खोलीत नको. माझं सगळ्यांदेखत झालं होतं."

पुढचा आठवडा त्याला अन्न गोड लागलं नाही. गुरुवारी, हजेरी व्हायच्या आधीच, तो उभा राहिला आणि सांगून मोकळा झाला. मोकळं काही वाटलं नाही. अधीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

"मग मागच्या गुरुवारी थँक यू कशाबद्दल म्हणालात?"

त्याला लेखी ताकीद मिळाली, सिस्टरांना ड्रेसिंगची खोली परत मिळाली, आणि अधीक्षकांनी सिस्टरांची सगळ्यांसमोर माफी मागितली.

त्यानं कोडातली ती गप्प बसायची ओळ काढून टाकली. आता काही बिघडलं तर पानावर ठळक अक्षरांत येणार होतं: 'फोटो जतन झाला नाही. तुमची चूक नाही. मला फोन करा.' हे दाखवायला तो सोमवारी खाली गेला. एक बाई पाय पुढे करून बसली होती. सिस्टर म्हणाल्या, "आधी हात धुवून या. मग हा दिवा धरा."

त्यानं दिवा धरला. इतकी वर्षं त्यानं जखमा फक्त पडद्यावर, अंगठ्याएवढ्या बघितल्या होत्या.

"हे नवीन डॉक्टर का?" बाईनं विचारलं.

"कॉम्प्युटरवाले आहेत," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे मला फोटोसाठी परत बोलावलं होतं, ते…"

सिस्टरांनी त्याच्याकडे बघितलं. उत्तर त्यांनी त्याच्यावरच सोडलं.

"माझ्यामुळं, मावशी," तो म्हणाला. "माझीच चूक होती."

"दोन बस बदलून आले होते हो मी," मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"दिवा हलतोय," सिस्टर म्हणाल्या. "नीट धरा."

त्यानं दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं आणि दिवा स्थिर केला.