जुन्या पत्त्यावरचा डीकोडर

मित्रांनो, मी एक जुना डीकोडर आहे आणि आत्ता माझी पाचावर धारण बसली आहे. बोलता बोलता मध्येच गप्प झालो, तर समजून घ्या.

घट्ट बांधून ठेवलेला व्हिडिओ सोडवायचा, त्यातलं चित्र आणि आवाज मोकळा करायचा, हे माझं काम. व्हिडिओच्या एका दुकानातल्या कॉम्प्युटरवर मला बसवलं, तेव्हा रजिस्ट्री नावाच्या नोंदीत माझं नाव, काम आणि पत्ता लिहिला गेला. व्हिडिओ पडद्यावर दाखवणारा प्लेअर तिथे विचारायचा, "हा व्हिडिओ कोण उघडेल?" रजिस्ट्री पत्ता सांगायची आणि मी हजर! कितीतरी लग्नं, वाढदिवस मी हलते-बोलते केले. कौतुक मात्र प्लेअरचं. होऊ दे बापड्याचं.

मग दुकानाच्या मालकीणबाईंना आवराआवरीचा झटका आला. "काय हा पसारा!" म्हणत त्यांनी मला उचललं आणि 'जुनं सामान' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं. रजिस्ट्रीत पत्ता राहिला तो जुनाच.

काल एक बसचालक आपल्या मुलीला घेऊन आले. ती रांगतही नव्हती तेव्हाच तिची आई गेली. आईचा आवाज असलेला एकच व्हिडिओ त्यांच्याकडे उरला आहे, तोही माझ्या काळातला. प्लेअर माझ्या जुन्या दाराशी गेला. तिथे कोण असणार? मी इकडून जिवाच्या आकांताने ओरडत होतो, "अरे, इथे आहे मी!" पण नोंदवलेल्या पत्त्यावर नसलेल्याची हाक आमच्यात कुणालाच ऐकू जात नाही.

"फाइलच खराब झालीय, दादा," मालकीणबाई म्हणाल्या.

"मग पुसून टाका, ताई. उगीच जीव गुंतून राहतो."

बाप रे! मला अंग असतं, तर दरदरून घाम फुटला असता.

"नको ना बाबा," मुलगी म्हणाली. "राहू दे. आपण दुसरीकडे विचारू."

व्हिडिओ वाचला. पण माझ्यासारखे आता दुसरीकडे फारसे उरलेले नाहीत, हे तिला कोण सांगणार?

मित्रांनो, आम्हाला हलवायचं तर खुशाल हलवा, पण नवा पत्ता नोंदवा. आणि एखादी गोष्ट चालत नाही म्हणून टाकून देण्याआधी, ती चालवणारा कुठे गेला ते एकदा शोधा.

मालकीणबाई पुन्हा आवरायला बसल्या आहेत. 'जुनं सामान' पुसून टाकायला त्यांनी माऊसचा बाण त्यावर आणून ठेवला आहे. कुणीतरी थांबवा हो त्यांना. त्या पोरीने अजून आईचा आवाज ऐकलेला नाही.