त्या दिवसाचे ठोकळे

चौकशी अधिकारीबाईंनी वर्तमानपत्र टेबलावरून त्याच्याकडे सरकवलं. अर्ध्या पानावर बांधकाम कंपनीचं निवेदन होतं. रुग्णालयाच्या कोसळलेल्या जिन्याचं काँक्रीट सरकारी प्रयोगशाळेत पास झालं होतं, तेव्हा जाब प्रयोगशाळेला विचारावा.

प्रयोगशाळा म्हणजे तो एकटाच. बांधकामावर भरलेले काँक्रीटचे ठोकळे यंत्रात फोडायचे आणि त्यांनी किती दाब सोसला ते लिहायचं, हे काम तो एकोणीस वर्षं डोळ्यांत तेल घालून करत होता. जिन्याखाली दोन परिचारिका सापडल्या. एकीचा पाय कापावा लागला.

ते ठोकळे दाजींनी, म्हणजे त्याच्या ताईच्या नवऱ्यानं, स्वतः आणून दिले होते. दाजी कंपनीचे साइट इंजिनिअर. आज सकाळीच त्यांनी फोनवर मायेनं समजूत काढली होती. कंपनीचं नाव गेलं तर पुढची सगळी सरकारी कामं हातची जातील, ताईच्या संसाराचा विचार कर, असं बरंच काही. मग मुद्द्यावर आले.

"यंत्र बिघडलं होतं म्हण. सरकारी माणसाला कोण हात लावतंय?"

बळीचा बकरा घरातच सापडला होता; त्यासाठी लांब जायचे कष्टही कुणी घेतले नव्हते.

बाईंनी ठोकळ्यांसोबतचा कागद पुढे केला. जिन्याचं काँक्रीट ओतताना माझ्यासमोर भरले, असं लिहून खाली दाजींची सही आणि तारीख. तारीख त्यानं दोनदा वाचली. त्या दिवशी त्याचे वडील गेले होते. पहाटेपासून दिवे लागेपर्यंत दाजी त्याच्या शेजारून हलले नव्हते. त्या एका दिवसासाठी तो त्यांना थोरल्या भावाच्या जागी मानत आला होता. आता त्याला भडभडून आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदमच.

"हे ठोकळे त्या जिन्याचे नाहीत," तो म्हणाला. "चांगला माल घालून वेगळे भरलेत. सही करणारा त्या दिवशी साइटवर नव्हता."

"कशावरून?"

"माझ्याजवळ होते. दिवसभर."

"मग तेव्हाच तारीख कशी दिसली नाही?"

"दाजींनी आणलेत म्हटल्यावर कागद वाचलाच नाही."

"हेही लिहावं लागेल. तुमची नोकरी जाऊ शकते."

"लिहा."

बाईंनी पेन उचललं. "त्यांचं तुमचं नातं?"

त्यानं सहीचा कागद बाईंकडे परत सरकवला.

"त्या दिवशी तरी होतं," तो म्हणाला.