तीन ग्रॅम मीठ

“मावशी, चमचा कुठला?” ऋचानं विचारलं.

“घरातला. पोहे खातो तो,” भामा म्हणाली आणि तिनं बोटांनी त्याची लांबी दाखवली.

ऋचा दवाखान्यातली आहारतज्ज्ञ. तिच्यासमोर भामाचा नवरा महादेव चपला काढून बसला होता. पाय इतके सुजले होते की पट्ट्यांचे वळ कातडीवर उमटले होते. त्याच्या किडन्या थकल्यात असं कळल्यापासून भामा घरात दोन कालवणं करत होती, त्याचं वेगळं आणि आपलं वेगळं. दिवसाला अर्धा चमचा मीठ, असं ऋचानंच सांगितलं होतं. भामानं त्यावर कणभर जाऊ दिलं नव्हतं. सुक्या मासळीचा डबासुद्धा जावेला देऊन टाकला होता. तरी सूज चढतच होती.

“मी चहाचा चमचा धरला होता,” ऋचा हळूच म्हणाली. “नीट सांगायला हवं होतं मी. आता चमचा नकोच मावशी. छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्या. दिवसाला तीन ग्रॅम. बस.”

पनवेलच्या बाजारातून काटा घेऊन दोघं रोडपालीला घरी आली. भामानं त्यावर वाटी ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि रोजच्यासारखं अर्धा चमचा मीठ टाकलं.

सात.

तिनं वाटी रिकामी करून पुन्हा टाकलं. आठ.

ती ओट्याला टेकली. “मीच घालीत होते तुमच्या जेवनात. दुपटीनं.”

“तुला काय ठाव?” महादेव पलंगावरून म्हणाला. “माजा जन्म मिठागरात गेला. पाट्याच्या पाट्या उचलल्या. चमच्यात किती बसतं, मला तरी कुटं म्हाईत होतं?”

भामानं कांदा चिरायला घेतला.

दुसऱ्या दिवसापासून ती मीठ मोजू लागली. काटा चिमटीला दाद देत नसे. आकडा शून्यावरच अडून बसे आणि मग एकदम पुढे उडी घेई. ती सगळं ओतून पुन्हा सुरुवात करी. तोवर फोडणी करपे, पाठ भरून येई. सूज हळूहळू उतरली, पण महादेवचं जेवणही उतरलं.

“कालवणात घातलेलं जिभेला लागतच नाय,” एके दुपारी तो म्हणाला. “तू आळणीच कर. माजं मीठ ताटात दे. मी लावून खाईन.”

त्या रात्री तिनं अर्ध्या दिवसाचं मीठ त्याच्या ताटाच्या कडेला वाढलं, शेजारी स्वतःचं ताट घेतलं आणि दोघांनाही एकाच टोपातून कालवण वाढलं.

महादेव थांबला. “तुजं वेगळं नाय केलंस?”

“दोनदा कोन शिजवील? कटाळा आला.”

“मग मिठाची बरनी घे की.”

“नको.”

बरणी हाताच्या अंतरावर होती. भामा खाली मान घालून आळणी भात खात राहिली.

महादेवनं आपल्या वाट्याचं मीठ बोटानं सारखं केलं. त्यातली चिमूट उचलून तिच्या ताटात ठेवली.

“तुमाला कमी पडंल,” ती म्हणाली.

“पडू दे.”

भामानं ते मीठ भातात कालवलं आणि घास घेतला.