विसावं नाव

तीन वर्षांत शेषराव गिऱ्हेपुंजेने बायकोला चार वेळा कबूल केलं होतं, की आता क्वार्टर मिळतो आणि तुला भिलाईला आणतो. आधी पोळ्याला, मग दिवाळीला, मग संक्रांतीला. चौथ्यांदा कोणत्या सणाचं नाव घ्यावं हेच सुचेना, म्हणून नुसतं 'लवकरच' लिहून दिलं. त्यावर तुमसरहून मनकर्णाचं कार्ड आलं: 'तुमी युनियनचे पुढारी झाले, तसा तुमचा शब्द बी पुढाऱ्याचाच झाला. दुर्गा आता चालून राहिली. दारात मानूस दिसला का त्याले बाबा म्हनते. काल कासाराले म्हने.'

शेषराव लोको शेडमध्ये फिटर होता आणि कॅम्पातल्या बराकीत अकरा जणांबरोबर राहत होता. लेकीला त्याने आजवर दोनदा पाहिलं होतं. त्याला बायको हवी होती, लेक हवी होती, आपल्या चुलीवरची भाकर हवी होती. मागणं साधं होतं, पण बारा पुरुषांच्या बराकीत ते बोलून दाखवायची सोय नव्हती. तिथे सगळे कारखान्यावर, सरकारवर आणि डाळीतल्या पाण्यावर बोलत. बायकोची आठवण ज्याने त्याने आपापल्या खाटेवर काढायची, असा अलिखित कायदा होता.

भट्टी पेटली, चिमण्या उभ्या राहिल्या, आणि अखेर शंभर क्वार्टर तयार झाले. ते कोणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या कमिटीवर कामगारांची एकच जागा होती. त्या जागेसाठी शेषराव उभा राहिला आणि त्याच्यासमोर हिरालाल. हिरालाल रिसालीचा. त्याचं शेत कारखान्यात गेलं होतं आणि आसपासच्या गावच्या लोकांची युनियन त्याच्या हाताखाली होती, तशी बाहेरून आलेल्यांची शेषरावाच्या. नागपूरच्या मिलमध्ये पाच वर्षं काढल्यामुळे त्याला आपली मराठी बोली येत होती आणि शेषरावाला शिव्या घालताना ती त्याला फार उपयोगी पडे. बाहेरचे आले आणि आमच्याच जमिनीवर आम्हालाच गेटपास मागतात, असं तो गेटवरच्या सभेत म्हणे. शेतात लोखंड पिकत नसतं, असं शेषराव दुसऱ्या दिवशी त्याच गेटवर सुनवी. अशी दोन वर्षं गेली होती.

तिसरा उमेदवार ठेकेदारांचा होता. या दोघांत मतं फुटली तर तो आरामात निवडून येणार, हे शेंबड्या पोराला कळत होतं. म्हणून मतदानाच्या चार दिवस आधी, भरदुपारी, हिरालाल चहाच्या टपरीवर शेषरावासमोर येऊन बसला.

"तुमी नाव मागं घ्या," तो म्हणाला. "मी निवडून आलो का वीस क्वार्टर तुमच्या नागपूरकडच्या लोकाईले. पयल्याच यादीत."

"आन नाई देले त?"

"त मी खोटा."

"ते त आमी दोन वर्सांपासून सांगूनच राहिलो."

हिरालाल हसला. त्याचं हसणं शेषरावाला आवडलं आणि त्याचाच त्याला राग आला.

बराकीत सगळ्यांत वडील भाऊराव ड्रायव्हर होते. ते ऐकून म्हणाले, "तो गेटवर आपल्याले चोर म्हनते आन टपरीवर वचन देते. यातलं खरं कोनतं, हे तुले कसं कळन गा?" हिरालालचा शब्द खरा असावा असं शेषरावाला फार वाटत होतं. नुसत्या वाटण्यावर सौदा करू नये, एवढी अक्कलही त्याला होती. त्याने दुसऱ्या दिवशी हिरालालला लिहून मागितलं.

"मले लिहता येत नाई," हिरालाल म्हणाला. "आपन महाप्रसाद बदू."

महाप्रसाद बदणं म्हणजे पुरीच्या जगन्नाथाचा वाळवलेला भात एकमेकांना भरवायचा; मग दोघे जन्माचे मितान होतात, सख्ख्या भावाहून जवळचे. पुढे एकमेकाला 'महाप्रसाद' म्हणूनच हाक मारायची. "मितानाचं नाव तोंडातून निघालं का नातं मोडलं. मंग ते पुन्हा जोडता येत नाई. आमच्या घरचा नेम हाय तो," हिरालालने समजावलं.

"वीस क्वार्टरसाठी तू मले जन्माचा बांधून घेतं?"

"तुमाले भरोसा पायजे ना? माह्यापाशी याच्याहून मोठं काई नाई."

रिसालीला, हिरालालच्या अंगणात, त्याच्या आईने दोघांना समोरासमोर बसवलं आणि ते उरकलं. शेषरावाने भाताचे चार दाणे गिळले ते हिशेबीपणाने, हे कबूल केलंच पाहिजे. बांधला गेला तर गेला, असं मनाशी म्हणत त्याने अर्ज मागे घेतला. हिरालाल निवडून आला.

यादी पाच महिने रखडली. तेवढ्यात भलतंच घडलं. दर रविवारी हिरालालची आई जेवायला बोलवी आणि शेषराव जाई. हिरालाल 'तुमी'वरून 'तू'वर आला. गेटवर तो अजूनही शेषरावाच्या युनियनला धारेवर धरी, पण सभा संपली की गर्दीतून हाक येई, "महाप्रसाद, चाल, जेवून घे." तीन वर्षांत त्या मुलखात शेषरावाला घरच्यासारखी हाक मारणारा तो पहिला माणूस. ती हाक ऐकली की मनकर्णाची आठवण जास्तच येई, आणि तरी तो रविवारची वाट पाही.

अखेर कमिटीचा दिवस ठरला. शेषरावाने आपल्या हाताने कागदावर नावं लिहिली, पण एकोणीसच. स्वतःचं लिहायला हात धजेना. मेल्याने क्वार्टरसाठी जागा विकली, असं लोक म्हणाले असते. त्याने कागद हिरालालच्या हातात दिला आणि बाजूला घेऊन म्हटलं, "विसावं माहं हाय. ते तू आत तोंडी सांगजो."

हिरालालने त्याच्याकडे पाहिलं. मग कागदाची घडी केली. "बरं, महाप्रसाद," एवढंच म्हणाला.

भाऊराव आणि आठ-दहा जण ऑफिसच्या व्हरांड्यात उघड्या खिडकीपाशी उभे राहिले. शेषरावही त्यांच्यात होता. आत साहेबाने एकोणीस नावं वाचली आणि विचारलं, "बीसवां?"

"लोको का फिटर है, साहब. घरवाली तुमसर में है, छोटी बच्ची है."

"नाम बोलिए."

हिरालाल नावाशी अडला. आणि तेव्हा कुठे शेषरावाच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपण या माणसाजवळ काय मागून बसलो. स्वतःच्या लाजेपायी नाव न घेण्याचा तो नेम त्याला आठवलासुद्धा नव्हता. हिरालालला मात्र कागद हातात घेतानाच सगळं कळलं होतं. खिडकीतून 'साहेब, मी' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण कोपराला कोपर लावून भाऊराव उभे होते, आणि शेषरावाने स्वतःसाठी काही मागितलं नाही म्हणून कालच त्यांनी त्याची पाठ थोपटली होती. शेषरावाने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"नाम नहीं, तो उन्नीस," म्हणत साहेबाने पेनाला टोपण लावलं.

"शेषराव," हिरालाल म्हणाला. "शेषराव गिऱ्हेपुंजे."

बाहेरच्या माणसाला न पेलणारं ते आडनाव त्याने एकदाही न अडखळता घेतलं. भाऊरावांनी शेषरावाकडे वळून पाहिलं. थोड्या वेळाने हिरालाल बाहेर आला, "झालं काम" म्हणाला आणि सायकल काढून निघून गेला.

पंधरा दिवसांनी मनकर्णा आली. दोन खोल्या तिने तीनदा झाडल्या आणि चूल मांडली. दुर्गा आधी दाराआड लपली, आणि तिसऱ्या दिवशी येऊन शेषरावाच्या मांडीवर बसली. जे जे हवं होतं ते सगळं घरात होतं. हे कोणामुळे झालं, असं मनकर्णाने विचारलं, तेव्हा रविवारी तो तिला घेऊन रिसालीला गेला. सबंध वाटेवर तो एकच हाक मनात घोळवत होता.

हिरालालच्या आईने मनकर्णाला सुनेसारखा पाट दिला, पाणी दिलं. हिरालाल खाटेवरून उठला आणि त्याने दोन्ही हात जोडले.

"या, शेषराव. बसा."

मनकर्णा हळूच नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "लय मानानं बोलते हो तो मानूस तुमच्यासंगं."

"हो," शेषराव म्हणाला, आणि पाहुण्यासारखा खाटेच्या कडेवर बसला.