सुभेदारांचं शेड

इस्लामपूरहून टेम्पो आला आणि विजयमालाबाईंच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. दोन काळ्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात सुभेदारांचं नाव आणि नंबर. औषध मारायचा पंप, फावडी, टिकाव, एक सायकल, आणि कशाला लागणार होतं देव जाणे, पण तारेचं एक भलंमोठं भेंडोळं. भाऊसो सुभेदार आधी पलटणीत होते. पेन्शनीत निघाले ते घरी न येता इस्लामपूरकडच्या एका कारखान्यावर सुरक्षा अधिकारी झाले आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये राहिले. नवरा म्हणजे सुट्टीवर येणारा माणूस, अशीच बाईंची उभ्या जन्माची समजूत. सुट्टी संपली की डबा घ्यायचा आणि निघायचं. आता तो टेम्पोसकट आला होता.

"परड्यात एक शेड मारावं म्हणतो," सुभेदार चहा पिताना म्हणाले.

"मारा की. लवकर मारा." कालच ट्रंकेला ठेचकाळून बाईंच्या अंगठ्याचं नख निघालं होतं.

बाग म्हणावी एवढी काही त्या घराभोवती जागा नव्हती. बाई मलकापुरात लग्न होऊन आल्या तेव्हा कुंपणापर्यंत ऊस होता. मोळ्या बांधणाऱ्या बायका कुंपणावरनं हाक मारून पाणी मागत. ऊस गेला, प्लॉट पडले, तिन्ही अंगांनी माड्या उठल्या. उरला तो फाटकापाशी मोगऱ्याचा नि जास्वंदीचा एक पट्टा, घराच्या कडेनं बोळ आणि मागं परडं. परड्यात शेवगा, लिंबू, धुण्याचा दगड, त्याच्या सांडपाण्यावर माजलेलं अळू आणि शेजारच्या अंबूबाईच्या भिंतीकडचा तो कोपरा.

सुभेदारांनी आल्याबरोबर पुढच्या पट्ट्याला विटा तिरक्या रोवल्या होत्या आणि एक गेरूची, एक चुन्याची अशा रंगवून टाकल्या होत्या. गल्लीतनं जाणारा प्रत्येक जण थांबून बघत होता. आता त्यांनी चुन्याची फक्की घेतली, परड्यात गेले आणि नेमका अंबूबाईच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात चौकोन मारला.

"ही जागा मोकळीच हाय," ते म्हणाले.

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

मोकळी! त्या कोपऱ्यात एक पसरट काळा दगड होता, आणि मधल्या भिंतीच्या वरच्या विटा काढून बायकांना ओलांडता येईल एवढी खिंड केलेली होती. ती बाईंच्या सासूनं आणि अंबूबाईच्या सासूनं मिळून केलेली. दुपारची भांडी झाली की गल्लीतल्या चारपाच जणी तिथं जमायच्या. कुणी पावटे सोलायचं, कुणी तांदूळ निवडायचं, कुणी नुसतंच बोलायचं. कारगिलच्या उन्हाळ्यात त्याच दगडावर रेडिओ ठेवलेला असायचा. निम्म्या जणींची माणसं वर सरहद्दीवर होती. बातम्या सुरू झाल्या की हातातलं काम थांबायचं, संपल्या की पुन्हा चालू व्हायचं, आणि कुणी कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही. संध्याकाळी बाई सुभेदारांना पत्र लिहायच्या : इकडे सर्व खुशाल. त्यात कोपऱ्याचं काय लिहायचं? त्यामुळं सुभेदारांना तो ठाऊक असायचं कारणच नव्हतं. आणि माझी जागा म्हणून सांगावं, तर घरात स्वतःची जागा असते हे बाईंना कधी कुणी शिकवलं नव्हतं.

भांडी घासता घासता त्यांच्या मनात दुसरीच गोष्ट आली. शेड नसतं झालं तरी कोपरा कुठं भरत होता? गेले कित्येक दिवस खिंडीतनं कुणी आलं नव्हतं.

सुभेदार आले त्या पहिल्या आठवड्यात बायका आल्या होत्या. मग एका दुपारी संयोगिता, समोरच्या घरातली सून, न्हालेले केस मोकळे सोडून सूप घेऊन बसली होती. जावेची नक्कल चालली होती तिची. सगळ्या जणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. तेवढ्यात तिच्या पाठीमागून आवाज आला, "काय चाललंय हितं?" सुभेदारांनी सहज विचारलं होतं, पण आवाज परेडच्या मैदानावरचा. पायांत कॅनव्हासचे बूट, पाचोळ्यावर चालले तरी चाहूल लागायची नाही. सूप उलटलं, तूरडाळ अळवात गेली, संयोगिता केस गोळा करत खिंडीतनं पळाली. त्या दिवसापासून दगड रिकामा.

"तुझं मालक हायत आता घरात," अंबूबाई भिंतीपलीकडनं म्हणाली होती. "आमचं काय बाई, आमी बसू कुठंबी." पण त्या कुठंच बसत नव्हत्या. आपापल्या घरात टीव्ही लावून बसत होत्या.

दुपारी वेल्डिंगच्या दुकानातला तानाजी टेप घेऊन माप घ्यायला आला. बाई तिघांचा चहा घेऊन परड्यात गेल्या आणि कप देता देता म्हणाल्या, "शेवग्याखाली का न्हाई मारत?"

"शेवगा ठिसूळ झाड. फांदी पडली की पत्रा गेला."

"मग धुण्याच्या दगडाशेजारी?"

"ओल हाय. ट्रंकांना गंज चढंल."

"मग पुढं फाटकापाशी मारा."

सुभेदारांनी कप खाली ठेवला. "फाटकापाशी? अगं, मोगरा हाय तितं. तूच लावलायस न्हवं?"

लावला होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, माहेरच्या शिराळ्याहून फांदी आणून. "मोगरा काय, उचलून मागं लावता येतो," बाई म्हणाल्या. मनातलं पुढचं त्यांनी मनातच ठेवलं, की बायका तशा उचलून लावता येत नाहीत. मग त्यांनी दुसरी बाजू धरली. "आवं, फाटकातनं कोण येतंय, कोण जातंय, मागं बसल्यावर काय कळतंय? परवा गॅसवाला येऊन माघारी गेला. पुढं शेड असलं, त्याला रस्त्याकडं एक खिडकी असली, खुर्ची टाकली, की सगळी गल्ली नजरंखाली."

सुभेदारांनी बोळाच्या तोंडाकडं पाहिलं. मग उठून पुढं गेले, फाटकापाशी उभे राहिले, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं.

"मोक्याची जागा हाय," ते परत येऊन म्हणाले.

"मग शेड कशाला म्हणता सुभेदार, चौकी म्हणा की!" तानाजी हसला. "वर झेंडा लावायला पाइप सोडू का?"

"गप रं. खिडकी केवढी बसंल ते सांग."

तानाजी पुढचं माप घेऊन गेला. जिंकल्यासारखं वाटून बाई कप गोळा करायला लागल्या. सुभेदार मात्र चौकोनाशी उभे राहून बुटानं फक्की पुसत होते.

"आणि ही जागा तुला कशाला पायजे?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

इतकी वर्षं माणसांची झडती घेतलेला माणूस तो. बाईंच्या लक्षात आलं, की फाटकाची गोष्ट त्यांना पटली होती, पण फसले काही ते नव्हते.

"बसायला."

"मग बस की. कुणी नको म्हटलंय?"

"एकटी कशी बसू? बायका येतात हितं. येत होत्या."

"मग आता का येईनात? मी काय खातोय त्यांस्नी?"

बाईंनी कप दगडावर ठेवले. "तुमी आलेलं कळत न्हाई."

सुभेदारांना जरा बरंच वाटलं. "ह्याचंच तर पलटणीत नाव निघायचं. रात्रीच्या गस्तीत माझ्या पायांचा आवाज कवा कुणाला आला न्हाई."

"पलटणीत नाव निघायचं. घरात त्यापायी माणसं उठून जातात." बाईंचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "मामंजी होते तवा बोळाच्या तोंडाशी खाकरायचे. काठी आपटायचे. मग आमी पदर घ्यायचो, पाय आखडायचो, बोलणं बदलायचो. त्यांचं ते पुढं जायचे. कवा कुणाची डाळ सांडली न्हाई."

सुभेदार त्यांच्याकडं बघतच राहिले. "आबा खाकरायचं ते त्याच्यासाठी?"

"मग कशासाठी?"

"मला वाटायचं, तंबाखूनं."

मिसरूड फुटायच्या आत भरती झालेला पोरगा. बायकामाणसांच्या घरात कसं वावरायचं, हे शिकायच्या वयात तो बर्फात उभा होता. बाईंना हसूही आलं आणि दुसरंही काही आलं. त्यांनी कप उचलले आणि आत गेल्या.

शेड फाटकापाशी उभं राहिलं. निळा पत्रा, रस्त्याकडं खिडकी. परड्याकडची बाजू सुभेदारांनी तानाजीला सांगून सपाट बंद करून घेतली. ट्रंका, पंप, सायकल, तारेचं भेंडोळं सगळं आत गेलं. खुर्चीवर सुभेदार, समोर कधी पेपर, कधी येणाराजाणारा. मोगरा मागं लिंबाशेजारी लावला. पानं गाळून बसला आहे, धरेल की नाही ते पावसाळ्यात कळेल.

खिंडीतनं आधी अंबूबाई आली. आपण सहज आलोय असं दाखवायला हातात वाटी होती. चार दिवसांनी बाकीच्या दोघी. संयोगिता सगळ्यात उशिरा आली, केस घट्ट बांधून.

त्या दुपारी पावटे सोलणं चाललं होतं. संयोगितेनं जावेचं नाव काढलं होतं आणि आता ती उठून चालून दाखवणार, तेवढ्यात बोळातनं असं काही खाकरणं आलं, की झाडावरचे कावळे उडाले. सगळ्या जणी ताठ झाल्या. पदर वर गेले. कुणी आलं नाही. पुन्हा एकदा खाकरणं आलं, आधीपेक्षा मोठं, सावधान म्हटल्यासारखं. अंबूबाई दचकली आणि तिच्या मांडीवरचं ताट कलंडलं.

मग सुभेदार आले. नजर जमिनीकडं. धुण्याच्या दगडाजवळची बादली उचलली, आल्या वाटेनं निघाले.

"आवं सुभेदार," अंबूबाई पदराआडनं म्हणाली, "जरा हळू खाकरा की. पावटं सांडलं बगा सगळं."

सुभेदारांची पाठ क्षणभर थांबली. "व्हय, व्हय," ते म्हणाले, "सवय न्हाई अजून," आणि बादली घेऊन बोळात गेले.

ते दिसेनासे झाल्यावर पहिल्यांदा संयोगिता हसली, मग सगळ्याच. विजयमालाबाई दगडावरनं खाली उतरल्या आणि अळवाच्या पानांखालचे पावटे वेचू लागल्या.