अडतीस ग्रॅम जवळा

श्रावणाच्या पहिल्या सकाळी घरात होतं ते असं: फ्रीजमध्ये मासा शून्य, फळीवर सुके बांगडे सात आणि सुक्या जवळ्याची, म्हणजे अगदी बारीक कोळंबीची, एक बरणी. आतला जवळा ४१२ ग्रॅम. मी परळला अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. घरातला काटा मीच आणलेला आहे.

आमच्या लालबागच्या घरी श्रावण गणपती उठेपर्यंत पाळतात. मग पहिली सुरमई येते. तिची गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, आई एकाच ताटात वाढते. ज्याने नेम सगळ्यांत नीट पाळला त्याच्या. गेली नऊ वर्षं ते ताट माझं होतं.

या वर्षी घरात नूपुरवहिनी होती. दादाशी लग्न होऊन सात महिने झालेले. गिरगावातल्या शाकाहारी घरातली, पण शिमग्यापर्यंत ती काटे काढायला शिकली होती, तेही माझ्यापेक्षा सफाईने. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आई, मासे सोडतोय तसे फोनही सोडूया का? दिवा लावल्यापासून जेवणापर्यंत."

"बघ गो दर्शना," आई म्हणाली, "ह्याला म्हणतात डोकं."

गेल्या वर्षी मी हेच सुचवलं होतं. तेव्हा आई म्हणाली होती, "मग माझी मालिका कोण बघणार, तुझा बापूस?"

पाचही फोन पिठाच्या रिकाम्या डब्यात जाऊ लागले. त्या वेळात मी वाचणार होते. प्रत्यक्षात मी त्या दोघींचं बोलणं ऐकत बसायचे. आई तिला गावच्या शाळेतल्या गोष्टी सांगायची, मास्तरांची नक्कल करायची. ती नक्कल मी चोवीस वर्षांत पाहिली नव्हती. अकराव्या दिवशी त्या सलग बावन्न मिनिटं बोलत होत्या. त्या संध्याकाळी आई माझ्याशी दोन वाक्यं बोलली. दोन्ही कुकरबद्दल.

बाराव्या दिवशी मी सहज बरणी तोलली. ३९७. पावसाळी हवेत जवळा ओलावा ओढतो. वजन वाढायला हवं होतं. मी रोज तोलू लागले. विसाव्या दिवशी ३८६. शेवटच्या दिवशी ३७४.

दुपारी घरी आई आणि नूपुर, दोघीच असायच्या. आईचा श्रावण तीस वर्षांचा; या वेळी मधेच ताप येऊन गेला, तरी तो मोडेल असं माझ्या मनातही आलं नाही. म्हणजे उरली एक. मी वहीत आकड्यांखाली रेघ मारली आणि त्या दिवशी प्रथमच नूपुरशी गोड बोलले.

गणपती उठले. दुसऱ्या दिवशी सुरमई आली. आईने तव्यावरून गाबोळी उचलली तेव्हा मी वही उघडली.

"आई, वाढायच्या आधी एक सांगते. बरणीतला जवळा अडतीस ग्रॅम कमी झालाय." मी नूपुरकडे बघत होते.

"झाली हिची प्रयोगशाळा सुरू," दादा म्हणाला. "अगं, उंदीर असेल."

"उंदीर झाकण परत लावत नाही, दादा."

बाबांचा घास हातातच राहिला. नूपुर खाली बघून म्हणाली, "मी खाल्ला. राहवलं नाही."

मी माझं ताट दोन बोटं पुढे सरकवलं.

"खोटा कित्याक बोलतस गो?" आई तिला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मी खाल्ला. तापानंतर तोंडाला चव नव्हती, म्हणून दुपारी भातावर चिमूटभर. हिने एकदा बघितलं आणि गप रवली. तुला सांगायची माझी हिंमत नाय झाली. तू वहीत लिवलं असतंस."

मी वही मिटली.

आईने अख्खी गाबोळी नूपुरच्या ताटात ठेवली. नूपुरने ती बोटांनी मोडली आणि एक तुकडा माझ्या ताटात टाकला. मी उठून काटा आणला आणि दोन्ही तुकडे तोलले.

तिचा ६२ ग्रॅम. माझा ७८.